अंगठा वर कर

मी उघडून दुरुस्त करणारा माणूस.
हर्णैच्या जेटीवर कुठलंही इंजिन द्या,
चार बोल्ट सैल केले की
ते आपलं दुखणं आपणच सांगतं:
झिजलेली रिंग, फुटलेलं गॅस्केट,
डिझेलमध्ये शिरलेलं खारं पाणी.

दुर्वाला उघडायचं नाही म्हणाले.

चिपळूणहून आणलेली फिल्म डॉक्टरांनी खिडकीला धरली.
मणका, मणका, मणका,
आणि चौथ्या-पाचव्याच्या मधे
सोलताना चेपलेल्या ताडगोळ्यासारखं
काहीतरी मागे आलेलं, नसेवर.
"तेरा वर्षांची आहे. चाकूचं काम नाही सध्या.
बहुतेकदा ओसरतं. वेळ द्या."
वेळ द्या म्हणजे काय करायचं?
म्हणाले, तेच.

तालुक्याच्या स्पर्धेत, लांब उडीच्या वाळूत
ती बसली ती नीट उठलीच नाही.
चार मीटर तीस.
पट्टी धरलेल्या सरांनी आधी आकडा वाचला,
मग तिच्याकडे बघितलं.

पाजपंढरीहून मेव्हणा आला.
त्याच्या माहितीत एक जण होता
पाठीवर पाय देणारा, एका झटक्यात बसवणारा.
लिलावातल्या बायकांनी तेल सांगितलं, एकीनं नवस.
मला हसू नका,
माझ्या हातांनाही रोज वाटायचं
पाना लावावा, अर्धा आटा फिरवावा, बस.
हात खिशात घालून फिरलो.

दापोलीला दर गुरुवारी नुझत मॅडम.
पालथी झोप, कोपरांवर ऊठ,
वेळासच्या कासवीसारखी मान वर, सावकाश, पुन्हा.
नुसतं पडून राहायचं नाही, चालायचं.
वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही.
म्हणून वर्गात ती मागच्या भिंतीला टेकून उभी,
इतिहास संपून भूमिती लागेपर्यंत,
आणि दप्तर अल्फिया आणते, दोघींचं.
मॅडम म्हणाल्या, कळ पायातून वर सरकून
पाठीत गोळा झाली, तर ते चांगलं.
हे पचायला मला आठवडा लागला:
पाठ जास्त दुखते
म्हणून घरात आनंद.

संध्याकाळी ओहोटीच्या घट्ट वाळूवर
मी मुद्दाम दहा पावलं मागून चालतो.
उजवं पाऊल पूर्ण.
डाव्याची बोटं वाळूत ओढलेली,
जाळं ओढल्यासारखी रेघ.
तिला कळतं. ती वळून बघत नाही.

मला एकच काम दिलं होतं.
रोज रात्री तिच्या डाव्या अंगठ्यावर बोट ठेवायचं,
अंगठा वर कर म्हणायचं, आणि खाली दाबायचं.
जोर घटला, पाऊल लुळं पडलं,
लघवीचं भान गेलं,
तर मात्र वाट बघायची नाही,
मध्यरात्र असो, निघायचं.
गाडीची टाकी भरलेली ठेवली. किल्ली देव्हाऱ्याच्या फळीवर.

खाडीपलीकडून येणाऱ्या बोटीचा आवाज ऐकून
कुठला नोझल चोंदलाय ते मी सांगतो.
आणि एवढासा अंगठा,
कालच्यापेक्षा कमी की जास्त,
ठरवता येईना.
बायको म्हणायची, तू दाबू नकोस इतकं.
मग वाटायचं, मीच कमी दाबलं असेन.

सहाव्या आठवड्यात ती भडकली.
"रोज तेच विचारता. उडी कधी, ते सांगा."
मी गोळ्यांची रिकामी पट्टी उलटसुलट करत राहिलो.
पावलामागची रेघ पुसट झाली होती,
की वाळू त्या दिवशी जास्त ओली होती?

काल लाईट गेलेली.
अंदाजानं पाऊल शोधलं, बोट ठेवलं.
अंगठा वर कर.
तिनं केला. मी दाबला. तिनं आणखी रेटला.
माझं बोट मागे गेलं, सांधा कट्ट वाजला.
"दुखलं?"
थोडं.
"एक ते दहामध्ये किती?" अगदी मॅडमच्या आवाजात.
चार, मी म्हटलं.
"वहीत लिहा," ती म्हणाली,
आणि कुशीवर वळली, डाव्या,
जिच्यावर ती झोपत नव्हती दिवाळीपासून.